मी जोडलेला हवाला

रोह्यात आमच्या जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नियम आहे. हदीस टाकायची, म्हणजे पैगंबरांचं वचन किंवा त्यांची आठवण, तर खाली हवाला द्यायचा. कुठला संग्रह, कितवी हदीस. नसेल तर निवृत्त उर्दू मास्तर सगळ्यांदेखत विचारतात, "कुठून उचललीत, मियाँ?" मला त्यांनी कधी विचारलं नाही. घरात जाडजूड संग्रहांचा संच, उर्दू बरी, बोलणं कमी. कमी बोलणाऱ्यावर लोक लवकर विश्वास ठेवतात.

माझी धाकटी बहीण पेणला असते. पाच वर्षांपूर्वी तिची सात वर्षांची मुलगी डेंग्यूनं गेली. त्यानंतर रोज दुपारी, माझी पहिली शिफ्ट सुटली की तिचा फोन यायचा. बोलायची नाही, नुसती रडायची. मी कंपनीच्या गेटबाहेर फोन कानाला लावून उभा. पहिल्या आठवड्यात मीही रडलो. दुसऱ्या महिन्यात फोन कानापासून जरा लांब धरू लागलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच सुमारास एक फॉरवर्ड आला. जन्नतमध्ये लहान मुलं हातात दिवे घेऊन चालली आहेत, त्यात एकीचाच दिवा विझलेला. का, तर आईच्या आसवांनी. खाली हवाला नव्हता. वाचतानाच वाटलं, ही कुणीतरी रचलेली. संच हाताशी होता, उघडला नाही. गोष्ट बहिणीला पाठवायची होती, आणि तीही आमच्याच घरातली, हवाला बघणारी. मी एका मोठ्या संग्रहाचं नाव लिहिलं. पुढे आकडा हवा होता. गळ्यात कंपनीचा बिल्ला होता, त्यावरचा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून तिचे फोन बंद.

मला हायसं वाटलं. ईदेला गेलो तर ती शिरखुर्मा वाढत होती, अगदी नीट. मुलीचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. मेव्हणे म्हणाले, "सबर आला तिला, भाईजान." मी मान हलवली.

गेल्या महिन्यात तीच गोष्ट कुठून कुठून फिरत आमच्या ग्रुपवर आली. खाली माझ्या बिल्ल्याचा आकडा. मास्तरांनी संध्याकाळच्या आत लिहिलं, "या नंबरावर नमाजाआधी हातपाय धुण्याची, वुजूची हदीस आहे. ही कुठल्याच किताबात नाही. कुणाचं डोकं हे?" पुढे लिहिलं, पैगंबरांचा तान्हा मुलगा गेला तेव्हा ते स्वतः रडले होते, आणि त्याला पक्का हवाला आहे. ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.

रविवारी पेणला गेलो. ती अंगणात पापड उलटत होती.

"ती दिव्याची गोष्ट खोटी हाय गो," मी म्हणालो. "हवाला मी घातला."

"तू?"

"व्हय. तुझं रडणं ऐकवत नव्हतं."

ती पापड उलटत राहिली. मग म्हणाली, "तसं सांगायचंस ना, भाई. मी दुसऱ्या कुणाला फोन केला असता." हात थांबवून विचारलं, "म्हणजे दिवा नाय विझत?"

"नाय."

"मग आता रडू म्हणतोस? येत नाय आता. रडू आलं की मी पाणी प्यायचे. पाच वर्षं पाणीच पीतंय."

मी एक पापड उलटला. तिनंच सांगितलं, "ग्रुपवर लिही. माझ्यासारखी कुणी वाचत असेल."

मी लिहिलं, चूक झाली. तिनं वाचून फोन परत दिला. "कुणाची, ते लिही."

तेही लिहिलं. मी रचला हवाला, माझ्या बहिणीला गप्प करायला. एकेक करून लोकांनी वाचलं. मास्तरांनीही.

ती पदराला हात पुसत आत गेली. आतून तिनं मुलीचं नाव घेतलं, एकदाच, जेवायला हाक मारावी तसं. मी पापडांजवळ बसून ऐकलं. मला आत बोलावलं नव्हतं.