झाकलेले मागचे पंख

रविवार सकाळ, निरगुडसरची शाळा. हजर: यादी लिहायला मी, पुण्याचे कीटकतज्ज्ञ सर, डिंभ्याचा लाईनमन. काम: रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांची यादी पुरी करणे.

लाईनमन भिंतीवरच्या पतंगाशेजारी टेस्टर धरून फोटो काढतो, म्हणजे आकार कळतो. त्याच्या शेवटच्या फोटोला सरांनी दुर्मिळ जातीचं नाव दिलं. तालुक्यातली पहिली नोंद, त्याच्या नावावर.

"खोडा ते, ताई," लाईनमन मला म्हणाला.

"अरे, नाव होईल तुझं!" सर म्हणाले.

"दोन जाती वरून सारख्याच, सर. फरक मागच्या पंखात, अन् ते झाकल्यात. दिसलंच न्हाई, ते बघितलं म्हणू व्हय?"

सर चिडले. त्याने माझं पेन घेऊन ओळ स्वतःच खोडली.

यादी त्याच दिवशी पाठवायची होती. अजून माझ्याकडेच आहे. त्या खोडलेल्या ओळीसाठी उघड्या पंखांचा फोटो मिळायचाय.