पांढरी सहाच्या जरा खाली

आमच्या लॅबमध्ये मोबाईल नेता येत नाही. तारापूरच्या ज्या केमिकल कंपनीत मी नोकरी करते, तिथे तो गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडायची मला भीती वाटते. गेलं वर्षभर वाटतच होती. त्या दिवशी उघडला तर स्क्रीनभर विलासचे मिस्ड कॉल. विलास आमच्या बँडपार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. हळदीची सुपारी आली की तो एकदाच फोन करतो, उचलला नाही तर मेसेजमध्ये शिवी घालून मोकळा होतो. इतके कॉल तो एकाच कारणासाठी करेल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी लगेच फोन लावलाच नाही. डबा उघडला, बंद केला... मग लावला. "मामा गेले गं," तो म्हणाला, आणि त्याच रडक्या आवाजात पुढे, "कीबोर्ड चालू हाय अजून. कोनी बंद करू नका म्हनून सांगितलंय सगल्यांना. बरोबर केलं ना?"

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. दामूमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. सातपाटीत आमच्या घराला लागूनच त्याचं घर. मच्छीमाराच्या घरात जन्मून होडीत बसला की ओकायचा, त्यामुळे पंधरवड्यातच आजोबांनी त्याला किनाऱ्यावर परत आणून टाकलं आणि "ह्याला समुद्र सोसत नाय, ह्याला पेटी द्या," असं भजनी मंडळाला सांगितलं. ते चिडून म्हणाले होते, पण मामाने ते वरदान मानलं. पेटीवरून तो कीबोर्डवर गेला आणि पालघर ते वाणगाव पट्ट्यात हळदीच्या पार्ट्यांत वाजवत त्याने संसार केला. मलाही त्यानेच शिकवलं. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि मामा तर स्टेजवरून माईकवर सांगायचा. "ऑक्टोपॅडवर विलास! सेकंड कीबोर्डवर माझी भाची, बी.एस्सी. केमिस्ट्री!" खालून कोणीतरी ओरडायचं, "मग हलदीत काय मिसळलंय ते तपासायला सांगा तिला!" मामा त्या हशालाही एक शहनाईची तान द्यायचा.

माझी आई धवलारीण. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला धवले गाणारी बाई लागते. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, मग बाहेर स्पीकरच्या किती का भिंती उभ्या असेनात. आई शाळेत गेलेली नाही. ती कोणाला पट्टी विचारत नाही, मनात येईल तिथून उचलते. बाकीच्या पार्ट्यांतले वाजवणारे अशा वेळी धवलारणीला आपल्या सुरात ओढतात, किंवा सरळ आवाज बंद करून चहा प्यायला जातात. मामाचा नियम वेगळा होता. पहिली ओळ तायची, म्हणजे माझ्या आईची. त्या ओळीला तो व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, मान वळवून, कान आईकडे करून उभा राहायचा, आणि दुसऱ्या ओळीला वाद्य तिच्या आवाजाखाली असं येऊन लागायचं की ते कधी आलं हे कळायचंही नाही.

पण आईचा सूर पट्टीवर बसत नाही. पेटीवाल्यांच्या हिशेबाने सांगायचं तर पूर्वी ती काळी पाचला गायची. वयाबरोबर ती उतरत गेली आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत येऊन थांबली, काळी पाचच्या लगतची खालची पट्टी जी पांढरी सहा, तिच्याही जरा खाली. हार्मोनियममध्ये त्या फटीला जागा नसते, मामाच्या मोठ्या कीबोर्डमध्ये असते. एक बटण दाबून सगळं वाद्यच केसभर खाली आणता येतं. मामा दर हंगामाच्या सुरुवातीला, आई ओट्यावर बोंबील साफ करत गुणगुणत असली की आत बसून हे काम उरकायचा. मी पाहिलं तेव्हा त्याने डोळे वटारले. "तायला बोलू नको हां. तिला वाटतं ती हाय तिथंच हाय."

मग वाणगावची हळद झाली, आणि आमच्या घरात भीती शिरली ती तिथून. भर गाण्यात कीबोर्ड अडकला. एकच सूर लागला तो सुटेचना. मामाने पट्टी सोडली, दोन्ही हात वर केले, तरी तो सूर भोंग्यासारखा चालूच. लोकांना आधी गंमत वाटली, मग मुलांनी कान झाकले. मी वायर उपटली. त्या शांततेत मी मामाकडे पाहिलं, तर तो खुर्चीवर बसला होता, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि एक हात छातीवर. "काय नाय, घाबरलो," तो म्हणाला. कीबोर्ड परत चालू केला तेव्हा त्याने बनवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. त्याची शहनाई, त्याचे ठेके, आईचा सूर, सगळं. दुकानातून नवा आणल्यासारखा कोरा.

कीबोर्ड दाखवला बोईसरच्या दुकानात, मामाला दाखवलं पालघरच्या डॉक्टरांना. दोन्हीकडे एकाच आठवड्यात गेलो. दुकानदार म्हणाला, आतला सेल संपलाय, बोर्ड इतका जुना आहे की सोल्डरिंग करायला गेलो तर उरलंसुरलंही जाईल. करंट आहे तोवर लक्षात ठेवेल, बंद केला की विसरेल. डॉक्टर म्हणाले, झडप निकामी होत आलीय, बदलावी लागेल, उशीर करू नका. मामाने दोघांनाही एकच उत्तर दिलं. "हंगाम संपूदे."

त्याने सगळं पुन्हा बनवलं, आणि तेव्हापासून कीबोर्ड बंद केला नाही. घरी इन्व्हर्टर बसवला. कार्यक्रमाला जाताना टेम्पोत बॅटरी जोडून, गादीवर निजवून न्यायचा. विलास म्हणायचा, "मामांचा पेशंट आयसीयूत हाय, हलू गाडी हाका." सगळे हसायचे. मलाही हसू यायचं, पण खड्डा आला की मी कीबोर्डच्या लाल दिव्याकडे बघायची, आणि मग मामाच्या ओठांच्या रंगाकडे.

नवा कीबोर्ड घ्यायचा की नाही, यावर आम्ही वर्षभर बोललो. मामा दर शुक्रवारी बोईसरला दुकानात जायचा, हेडफोन लावून नवीन मॉडेल वाजवायचा आणि काढून ठेवायचा. त्याने इतकी वाट पाहिली की ते मॉडेल जाऊन दुसरं आलं. "काकाजी, अब तो ले लो," दुकानदार हात जोडायचा, "आपके सामने ये भी बूढ़ा हो जाएगा." आणि मामा हसून विचारायचा, "इसमें हमारा वाला शहनाई आएगा क्या?" नाही येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. जुन्यातली फ्लॉपी बिघडलेली, त्यातलं काही बाहेर काढता येत नव्हतं. मी शिकलेली, मी त्याला समजवायची. आवाज पुन्हा बनवता येतात, मामा. जुनं कधी दगा देईल सांगता येत नाही. वेळेवर बदललेलं बरं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आनि नवा बसलाच नाय तर? हाताला?" शेवटचा शब्द तो जरा थांबून जोडायचा... आम्ही कीबोर्डबद्दलच बोलत होतो. छातीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मला बोलायची हिंमत नव्हती, आणि त्याला ऐकायची.

शेवटचं नीट बोलणं मरणाच्या आदल्या रविवारी झालं. पलंगावर उशांना टेकून बसला होता, श्वास वर वर चाललेला. "पोरी, ठरवलं," म्हणाला. मी पटकन विचारलं, "काय? कुठलं?" तो हसला. "दोन्ही. होली झाली की दोन्ही." होळीला अजून वेळ होता. मी ओट्यावर येऊन बोंबलांच्या वासात उभी राहिले आणि आईला सांगितलं, मामा तयार झालाय. आईने हातातला कोयता खाली ठेवला नाही. "आता होला वय?" एवढंच म्हणाली. म्हणजे, आता कुठे 'हो' म्हणाला का, असं.

तो गेला त्यानंतर आईचं सुतक लवकर संपलं, लग्न झालेली बहीण ती. मला मात्र रोज एकच भीती. आमच्याच वाड्यातल्या एका मुलीच्या हळदीची सुपारी मामाने घेऊन ठेवली होती, आणि त्या घरच्यांनी ती मोडली नाही. "मामाची पार्टी येल," म्हणाले. विलास म्हणाला, नवा घे, जुन्याचा भरवसा नाय. मामी म्हणाली, तुला वाटेल ते कर, पण ती लाल लाईट मला रात्रंदिवस बघवत नाय. आणि मी त्या खोलीत पाऊलही सावकाश टाकत होते. शुक्रवारी वीज मंडळाच्या दुरुस्तीसाठी गावातली लाईट जायची तेव्हा कंपनीत मी घड्याळ बघत राहायची, इन्व्हर्टर पुरेल ना? जुना नेला आणि हळदीत विसरला तर? नवा नेला आणि आई पहिल्या ओळीनंतर वाद्याशी भांडत राहिली, तिला कळलं की आपण किती उतरलोय, तर? भाऊ गेल्यावर महिन्याभरात तिला तेही कळायला हवं होतं का? ताळा करायला दुसरं कोणी नव्हतं. तिचा सूर जगात दोनच ठिकाणी होता, तिच्या गळ्यात आणि त्या यंत्रात.

शेवटी मी नवा घेतला. घाबरतच घेतला, घरी आणून खोक्यातून काढताना दुकानदाराचे सगळे कागद खाली पडले. मामाच्या खोलीत दोन्ही शेजारी लावले. जुन्याला विचारून नव्याला सांगायचं, पांढरी सहाच्या जरा खाली, एवढंच काम. ते झालं. मग वाटलं, एकदा आईकडूनच खात्री करून घ्यावी. ती बाहेर ओट्यावर होती. मामा गेल्यापासून ती गुणगुणली नव्हती. मी काहीच बोलले नाही, फक्त खिडकी उघडली आणि जुन्यावर मामाची शहनाई हलकी धरली.

आईचा कोयता थांबला.

"दामूची पेटी," ती म्हणाली. मग बोंबील बाजूला सारून, "पोरी, तुला एक सांगू? ती पेटी म्हातारी झाली होती. दरसाल खाली खाली चालली होती. मी पन तिच्यासंगती खाली जायची. त्याला बोलले नाय कधी, वाईट वाटलं असतं त्याला."

मला हसायचं होतं. मी शहनाईवरचं बोट उचललं. इतकी वर्षं दोघं एकमेकांना सांभाळत खाली उतरत होती, आणि दोघांनाही वाटत होतं, उतरतोय तो दुसरा. "मग तू खरी कुठं गातेस, आई?" मी विचारलं. "मी? मी हाय तिथंच हाय." आणि तिने वाद्याशिवाय, भावाच्या खिडकीकडे पाठ करून, हळदीचा पहिला धवला उचलला.

मी नव्याचा व्हॉल्यूम शून्यावर नेला. मान वळवली. पहिली ओळ तिची. पांढरी सहाच्या जरा खाली नव्हता तो सूर. तिथून आणखी खाली, पुढच्या उतरत्या पट्टीच्या, काळी चारच्या अगदी जवळ आला होता. मामा पलंगावर असताना, किंवा गेल्यावरच्या या दिवसांत, कधीतरी ती उतरली होती आणि यंत्रात ते पोचलं नव्हतं. मी नव्याचं बटण दाबलं. एकदा, पुन्हा, थोडं आणखी... दुसऱ्या ओळीला वाद्य तिच्या खाली गेलं तेव्हा तिने मान डोलावली.

"बघ," हात पुसत आत येऊन ती म्हणाली, "नवी पेटी कशी चढी लागते. जुनी दमली होती बिचारी."

"हो आई," मी म्हटलं.

हळद झाली. विलासने माईकवर मामाचं नाव घेतलं आणि माझी डिग्री सांगायला विसरला, तेव्हा खालून कोणीतरी ओरडलं, "बी.एस्सी. राहिलं!" आई गायली, सबंध रात्र ओलांडूनही तिचा आवाज कुठे अडला नाही. जुना कीबोर्ड अजून मामाच्या खोलीत आहे. त्यातला सूर आता आईचाही राहिलेला नाही, आता तो फक्त मामाने शेवटचा जिथे ऐकला तिथला आहे. मामीला सांगून मी त्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. वायर काढायचं धाडस मात्र झालेलं नाही. शुक्रवारी लाईट जायची वेळ झाली की घरी फोन करायला मी अजूनही लॉकरकडे धावते. आणि पुढचा हंगाम जवळ येईल तसं मला त्या बटणाचंही भय वाटायला लागलंय, कारण आईला खाली जाताना ऐकणारी आता मी एकटीच उरले आहे.