पाडायच्या घरांचे ठसे

आल्के बौमा लहानपणापासूनच भित्री. लुटेवीर गावच्या शाळेत मुलं तिला 'ससुली' म्हणायची. हिवाळ्यात कालवा गोठला की सगळं गाव त्यावर घसरायला उतरायचं आणि आल्के काठावर उभी राहून इतरांचे कोट सांभाळायची. बर्फ सगळ्या गावाचं वजन पेलेल, पण आपण पाय ठेवला की नेमका तडकेल, अशी तिची खात्री असायची.

तिनं लग्न केलं ते एल्तियोशी. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, सात मजली हसणारा, कशाचीच भीती नसलेला माणूस. "तुझ्या वाटची भीती मी आधीच खर्च करून बसलेय," असं ती त्याला म्हणायची. ते खरंही होतं.

मुलगी सीत्स्के पाच वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या. तिनं अंग खाजवू नये म्हणून आल्केनं रंगीत पॉलिमर क्लेची पाकिटं आणली. सीत्स्के तासाभरात कंटाळली. आल्के मात्र त्या मऊ गोळ्यांपासून उठलीच नाही. ही माती आपोआप वाळत नव्हती. भट्टीत घालेपर्यंत ती थांबायची. बिघडलं तर मोडावं, पुन्हा मळावं, पुन्हा करावं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं काही सापडलं होतं, ज्यात चूक झाली तरी धास्ती नव्हती.

मग ती त्यातच रमली. वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या जोडून ती जाड दांडा वळायची. त्याची पातळ चकती कापली की आत अख्खं फूल दिसायचं, आणि दुसऱ्या चकतीत पुन्हा तेच फूल. त्या चकत्यांची बटणं झाली, मणी झाले. मग टिटव्यांचे बिल्ले झाले, किनाऱ्यावरच्या चिखलात लोळणारे सील झाले. जवळच्या ग्रोनिंगन शहराच्या बाजारात तिच्या टेबलाशी बायका थांबायच्या आणि "ही रंगवलीयत की छापलीयत?" असं विचारायच्या. "कापलीयत," आल्के सांगायची आणि लाजून खाली बघायची.

मोठा धक्का बसला तो ऑगस्टमधल्या एका दुपारी. आल्के मागच्या शेडमध्ये टेबलाशी होती. कित्येक दिवस खपून वळलेला खसखशीच्या फुलांचा दांडा समोर होता आणि तिनं त्यावर पातं ठेवलं होतं. आधी गुरगुर ऐकू आली, बिटानं भरलेला ट्रक जावा तशी. पण तो बिटांचा हंगाम नव्हता. मग टेबल आडवं सरकलं, पातं तिरकं उतरलं आणि खिडकीची काच थरथरली. सगळं दोन-चार श्वासांत संपलं. आल्के पातं हातात धरून तशीच उभी राहिली.

गावाच्या खालून गेली कित्येक वर्षं गॅस उपसत होते. खालची पोकळ झालेली जमीन बसत चालली होती, आणि बसताना हलत होती. लुटेवीरमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण त्या दुपारनंतर ते नुसतं माहीत असण्यापुरतं उरलं नाही. बौमांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत भेग गेली होती. गॅस कंपनीकडून तपासायला आलेल्या तरुण साहेबानं भेगेत बोट घातलं आणि म्हणाला, "घर जुनं आहे बाई. जुन्या घरांना तडे जायचेच."

"माझ्या आजीच्या काळात नव्हते गेले," आल्के पुटपुटली. मोठ्यानं बोलायची तिची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी गल्लीतल्या निम्म्या घरांना बाहेरून लाकडी तुळयांचे टेकू लागले. पडू घातलेल्या म्हाताऱ्याला चौघांनी धरावं तशी घरं दिसायला लागली.

आल्केची भीती आता घरभर पसरली. ती घरातही बूट घालून वावरायची. डोक्यावरच्या फळ्या तिनं सगळ्या रिकाम्या केल्या. आपल्याला जाणवला तो हादरा खरा की मनातला, हे कळेना म्हणून तिनं स्वतः केलेल्या मण्यांच्या माळा प्रत्येक खोलीत तुळईला टांगल्या. माळा हलल्या तर हादरा खरा. मग ती दिवसभर माळांकडेच बघत बसायची. कुणी दार उघडलं आणि वाऱ्यानं मणी टकटक वाजले की ती जागच्या जागी गोठायची.

"घर आहे की जत्रेतलं दुकान?" एल्तियो वाकून माळांखालून जात म्हणायचा. "निदान घंटा तरी टांगायच्या होत्यास, पाद्री प्रार्थनेला येऊन बसला असता."

"हस तू. छप्पर डोक्यात पडल्यावरही हसशील."

"छप्पर पडलं तर हसायलाच हवं. रडायला डोकं कुठं उरणार?"

तिला हसू यायचं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिनं भट्टी लावणं सोडलं. शेडमध्ये तिची छोटी विजेची भट्टी होती. माती भाजायला मंद आच पुरते. पण आच वाढली तर माती जळते आणि छातीत जाणारा जहाल धूर निघतो. भट्टी चालू असताना हादरा बसला, आपण जीव घेऊन पळालो आणि मागे शेड पेटली तर? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. न भाजलेले सील आणि टिटव्या डब्यांत पडून राहिल्या. बाजारातलं टेबल दुसऱ्या कुणाला गेलं. बोटं मात्र मोकळी राहीनात. ती माती मळायची, काहीतरी करायची आणि परत मोडून टाकायची.

अशा वेळी एके दिवशी ग्रीत्येकाकू दारात आल्या. समोरच्या घरातल्या, ऐंशी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या. नवरा गेल्यापासून एकट्या राहायच्या आणि सगळ्या गावाला तोंडावर बोलायच्या.

"मॉय," त्यांनी गावच्या रीतीनं नमस्कार घातला आणि न बोलावता टेबलाशी बसल्या. आल्केनं कॉफी ठेवली, सोबत मसाल्याच्या केकचा तुकडा.

"माझं घर पाडतायत," काकू म्हणाल्या. "टेकूंनी भागत नाही म्हणे. नवीन बांधून देतील, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं. मला त्याचं काही नाही. पण मला त्या घराचे ठसे हवेत. तुझ्या मातीत."

"ठसे?"

"चुलीवरच्या भिंतीला उठावाच्या नक्षीच्या फरशा आहेत. दाराची मूठ आहे. माडीवर भिंतीत एक वीट आहे, ओली असताना तिच्यावरून मांजर चालत गेलेलं. त्या पंजावर हात ठेवूनच मी झोपायची लहानपणी. वीट काढायला गेलं तर तिचा भुगा होतो, आम्ही खालची एक काढून पाहिली."

त्या घराची माडी! बाहेरून बघितलं तरी चिमणी कललेली दिसायची.

"काकू, मला नाही जमायचं. मी आत येऊच शकत नाही. खरंच."

"अगं पोरी, मी रोज आत झोपते!"

"तुम्ही धीट आहात."

"धीट नाही, आळशी आहे. घाबरायला बळ लागतं, ते तुझ्याकडे भरपूर आहे. शुक्रवारी ये."

आल्के शुक्रवारी गेली. का गेली, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. नाही म्हणायची तिला भीती वाटली असावी. एका पिशवीत मळलेली माती, दुसरीत मक्याचं पीठ. पृष्ठभागावर पीठ भुरभुरलं की माती चिकटत नाही, ठसा अलगद सुटून येतो. आत शिरल्या शिरल्या तिनं कुठली भिंत आतली आहे, कुठल्या दाराची चौकट जाड आहे, चिमणी कुठून वर जाते, हे सगळं बघून घेतलं, हादरा बसलाच तर आसरा कुठं घ्यायचा म्हणून. नव्या खोलीत शिरलं की डोळे आपोआप तेच शोधायचे.

खालच्या फरशा झाल्या. दाराची मूठ झाली. मग जिना. प्रत्येक पायरी करकरली की ती थांबायची, आणि पाठीमागून काकू म्हणायच्या, "चढ, चढ. तू चढेपर्यंत ते पाडायला येतील."

वीट चिमणीलगतच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर होती. छोटासा पंजा, चार बोटं स्पष्ट. आल्केनं पीठ लावलं, मातीचा गोळा दाबला आणि अंगठ्यानं कडा बसवल्या. हळूच सोडवला. मातीवर पंजा उलटा उठून आला होता, नखांच्या टोकांसकट. क्षणभर ती भीती विसरली.

"बघा ना काकू, किती..."

तेवढ्यात खालून गुरगुर आली.

ती कानांआधी तिच्या तळपायांना कळली. आजवर प्रत्येक वेळी ती जागच्या जागी गोठली होती. या वेळी मात्र तिच्या तोंडून किंचाळी फुटली, "चौकटीत!" आणि तिनं काकूंच्या दंडाला धरून ओढलं. काकू हलेनात. डोळे विस्फारून त्या चिमणीकडेच बघत होत्या. गावाला तोंडावर बोलणारी ती बाई लाकडाच्या ओंडक्यासारखी उभी होती. आल्केनं दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि मागच्या मागे त्यांना स्वतःसकट दाराच्या जाड चौकटीत लोटलं. पुढच्याच क्षणी चिमणी छपरातून खाली आली. विटा, काजळी, कौलं. दोघी उभ्या होत्या त्या जागी विटांचा ढीग लागला. धुळीनं काही दिसेना. कुणीतरी बारीक आवाजात रडत होतं. तो आपलाच आवाज आहे, हे आल्केला उशिरा कळलं. तिचा स्कर्ट ओला झाला होता.

जिना शाबूत होता. एका हातानं काकूंना धरून, दुसरी मूठ तशीच आवळलेली ठेवून ती खाली उतरली. रस्त्यावर एल्तियो धावत येताना दिसला. टोपी नाही, तोंड पांढरंफटक. त्याला घाबरलेला ती पहिल्यांदाच बघत होती. त्यानं तिला घट्ट धरलं.

"आता हसत का नाहीस?" ती हुंदके देत म्हणाली.

"गप्प बस, आल्के," तो म्हणाला. "जरा वेळ गप्प बस."

चौकटीवर आपटून काकूंचं मनगट मोडलं होतं. रुग्णवाहिकेत चढताना त्यांना आवाज परत सापडला. "पंजा?" त्यांनी विचारलं. आल्केनं मूठ उघडली. ठसा मुठीत दाबला जाऊन चेपला होता. एका कडेला मांजराची दोन बोटं उरली होती, बाकीच्यावर तिच्याच बोटांचे खड्डे.

"मोडून परत करता येत नाही का?"

"विटेवरून घ्यावा लागेल, काकू. वीट आता..."

"मग असाच भाज," काकू म्हणाल्या.

दोन दिवस आल्के शेडकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एल्तियोला शेडच्या दारात खुर्ची टाकून बसवलं. "मी पळाले तर तू वायर ओढायचीस. बाकी काही करायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही." तिनं भट्टी लावली. माती भाजून होईपर्यंत ती उभीच होती, घामानं भिजलेली, नजर बटणावर. एल्तियो खरंच बोलला नाही. फरशा, मूठ आणि तो चेपलेला पंजा, सगळं नीट भाजून निघालं. मग त्या उलट्या ठशांत नवी माती दाबून तिनं सुलट्या फरशा काढल्या, रंग दिला आणि पुन्हा भाजल्या. पंजा तेवढा तिनं तसाच ठेवला.

काकूंच्या नव्या घरात चुलीच्या जागी हीटर आहे. त्यावरच्या भिंतीत त्या फरशा बसवल्या आणि बघायला गाव लोटलं. काकू प्रत्येकाला म्हणायच्या, "हात लावा, त्यासाठीच आहेत." पुढच्याच आठवड्यात बेकरीवाल्यांनी आल्केला विचारलं, मग चर्चच्या वॉचमननं, मग कडेच्या शेतावरच्या भावांनी. सगळ्यांची घरं पाडायच्या यादीत होती. कुणाला तुळईवरचं कोरीवकाम हवं होतं, कुणाला बापानं मुलांची उंची मोजून चाकूनं मारलेल्या खुणा.

आल्के प्रत्येकाला आधी नाही म्हणते. मग रात्रभर तळमळते आणि सकाळी जाते. घरात शिरताना ती अजून घाबरते. एकदा तर ती उंबऱ्यावरूनच परत फिरली होती आणि दुसऱ्या दिवशी गेली. एल्तियो बाहेर उभा राहतो. मोठमोठ्यानं फुटबॉलबद्दल बोलत राहतो, तिला त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. आत ती चौकट शोधते, पिशवी खाली ठेवते आणि पाडायच्या भिंतीवर मक्याचं पीठ भुरभुरायला लागते.