फळीच्या पोटावरचा राक्षस

यशवंतपूरच्या बाजाराबाहेर लॉऱ्या रंगवणारे एक अण्णा बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात, कॉलेजात असताना, मी माझा स्केटबोर्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो. अमेरिकेतल्या मावसभावाने दिलेल्या त्या फळीच्या पोटावरचं चित्र घासून गेलं होतं. मला तिथे भयंकर कवटी हवी होती.

अण्णांनी ब्रश कानामागे खोचला, फळी उलटी केली, एक चाक बोटाने गरगर फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले.

"चित्र खालच्या अंगाला? मग दिसणार कधी?"

"मी पडल्यावर," मी खरं ते सांगून टाकलं.

"सरी, ठीक आहे. उद्या ये, तम्मा," म्हणत त्यांनी कानडी ढंगात मला धाकटा भाऊ केलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर कवटीचा पत्ताच नाही. इथे नव्या घरांना दृष्ट लागू नये म्हणून टांगतात, तो राक्षस फळीवर बसला होता. बटबटीत डोळे, झुपकेदार मिशा आणि चाकापर्यंत लोंबणारी लाल जीभ! मी चिडलो.

अण्णा ब्रश पुसत म्हणाले, "पडशील तेव्हा लोकांनी तुझ्याकडे बघायचं की ह्याच्याकडे?"

त्याच आठवड्यात राजाजीनगरच्या उतारावर, मुलींनी भरलेल्या बसस्टॉपसमोर, मी सपशेल आपटलो. फळी उलटी होऊन त्यांच्या पायाशी गेली. सगळा बसस्टॉप खो खो हसला. मी हळूच मान वर केली. सगळ्याजणी राक्षसाकडे बघत होत्या.

खरं सांगू? एकीने तरी माझ्याकडे बघायला हवं होतं.