काचेचा माल आणि शीलाताईंचं फाउंडेशन

कल्पना करा, साखळीच्या कप्पीला एक डिझेल इंजिन लटकतंय आणि त्याच्याखाली बोनेट काढलेली जुनी जीप उभी आहे. हे इंजिन तुम्हाला या जीपमध्ये बसवायचं आहे. पण इंजिन वेगळ्या गाडीचं, जीप वेगळी. चेसिसची भोकं एका जागी, इंजिनाची दुसऱ्याच जागी. मधली जागा तुम्हाला लोखंडानं आणि रबरानं भरायची आहे. इंजिन जरा पुढे सरकलं तर पंखा रेडिएटरला लागेल, खाली गेलं तर तेलाचं चेंबर एक्सलवर आपटेल. आणि नीट बसलं तरी ते थरथरणारच. त्यातली किती थरथर गाडीत जाऊ द्यायची, हेही तुम्हीच ठरवायचं.

इंजिन आणि चेसिस यांच्यामधल्या या आधाराला गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात ते घडवायचं असलं की लोक शीलाताईंकडे येतात. आयटीआयच्या वेल्डिंगच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. आज बसस्टँडमागे त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे. गेटं, ट्रॉल्या, नांगराचे फाळ, सगळं तिथं बनतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पण वेल्डिंगचा पहिला सरळ टाका मला त्यांनीच घालायला शिकवला. ही गोष्ट मी जिथं जाईन तिथं सांगतो.

ती जीप बिस्मिल्लाबींची होती. आठवडी बाजारात काचेच्या बांगड्या आणि कपबशा विकणाऱ्या बिस्मिल्लाबींना आमच्या भागात कोण ओळखत नाही? जीपचं पेट्रोल इंजिन कायमचं बंद पडलं होतं. त्यांच्या मुलानं, जीशाननं, भंगारात निघालेल्या पिकअपचं चांगलं इंजिन शोधून आणलं, आरटीओची परवानगीही काढली. बाकी गॅरेजवाले म्हणाले, पट्टी ठोकून बसवून देतो. बिस्मिल्लाबी मात्र शीलाताईंकडे आल्या.

"बेटा, लोकायच्या गाडीत मानसं बसतेत, माह्या गाडीत काच बसते. मानूस हादरला तं शिव्या देते. काच काहीच बोलत नाही, डायरेक्ट फुटते."

"चाची, तुमी निस्त्या बघा," शीलाताई म्हणाल्या.

त्यांनी पुठ्ठ्याचे साचे कापले, इंजिनाखाली धरून बघितले, मग जाड पत्र्यातून ब्रॅकेट कापून आधी नुसते टाके मारले. पंखा, चेंबर, स्टिअरिंगचा दांडा, सगळ्याला जागा मिळाल्याची खात्री झाल्यावर पूर्ण वेल्डिंग केलं. रबर म्हणून कापसाच्या जिनिंग मिलमधल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे घातले. समोरच्या टपरीवर बसणारे टेम्पोवाले पंजाबराव उठून आले आणि त्यांनी त्या वेल्डिंगचा मोबाइलवर फोटो काढला.

"असं काम यवतमाळात नाही होत," ते म्हणाले. ते सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.

घाटंजीच्या बाजारातून बिस्मिल्लाबी जीप घेऊन परत आल्या तेव्हा त्यांनी एक खोका शीलाताईंसमोर उघडला. आत हिरव्या बांगड्यांचा चुरा होता.

"तुहं लोखंड लय मजबूत हाये शीला. जागचं हाललंच नाही. म्हून माहा माल हालला."

शीलाताईंनी खोका बाजूला ठेवला. मग त्या जीपखाली शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांना चूक कळली होती. आयुष्यभर ट्रॉलीचे हुक बनवले, हे ब्रॅकेटही तसेच बनवले होते: ओढ सहन करणारे, न हलणारे. जिनिंगच्या पट्ट्यात कापडाचे थर असतात, तो वजन पेलतो पण दबत नाही. इंजिनाची सगळी थरथर त्यातून सरळ गाडीत उतरत होती.

दुसऱ्या दिवशी जीशान म्हणाला, "ताई, रबर तेवढं बदलून टाका ना."

"रबर नुसतं बदलून नाही भागत रे. सकाळीच एका पिकअपमधी हेच इंजिन कसं बसते ते पाह्यलं मी. तिथं फाउंडेशन तिरपे हायेत, दोन हातांत लेकरू धरल्यासारखे. मी सपाट केलते."

म्हणजे ब्रॅकेट कापणं आलं. त्यांनी ग्राइंडर उचललं. पंजाबराव टपरीवरून ओरडले, "ओ बाई, फोटो काढलेलं काम कापता काय?"

"फोटो ठेवा तुमी. फोटोतल्या बांगड्या फुटत नाहीत."

त्यांच्या हातचं सगळ्यात देखणं वेल्डिंग ठिणग्या होऊन जमिनीवर पडत होतं. त्यांचा हात एकदाही थांबला नाही. मला त्यांचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो त्या वेळी.

नवं फाउंडेशन त्याच इंजिनासाठी बनलेलं, त्याच्या वजनाला साजेसं मऊ रबराचं निवडलं. ब्रॅकेट तिरपे केले. शेवटी बोल्ट लगेच आवळले नाहीत. थोडे सैल ठेवून इंजिन चालू केलं आणि ते आपल्या वजनानं जागेवर बसलं. मगच पाना फिरवला.

पुढच्या बाजाराहून आल्यावर बिस्मिल्लाबींनी सगळे खोके उघडून दाखवले. एकही बांगडी गेली नव्हती. त्यांनी शीलाताईंचा हात ओढून त्यात हिरव्या बांगड्या चढवल्या.

"वेल्डिंग करताना काढून ठेवजो," त्या म्हणाल्या. मग खोके बंद करताना, "एक सांगू? एका वेगावर कप गुनगुन वाजतेत. त्याच्या खाली नाही, त्याच्या वर नाही. फुटत नाहीत, निस्ते वाजतेत."

थरथरीचा ताल वस्तूच्या स्वतःच्या तालाशी जुळला की ती वाजते, पुस्तकात याला अनुनाद म्हणतात, असं मी सांगितलं. शीलाताईंना शब्द आवडला, पण थरथर येते कुठून ते त्यानं कळत नव्हतं, म्हणून त्यांचं समाधान झालं नाही. रिकामी जीप त्यांनी स्वतः चालवून बघितली, काहीच वाजलं नाही. माल भरलेली जीप त्याच वेगात असताना उतारावर न्यूट्रल करून बघायची, असा त्यांचा बेत आहे. इंजिन मंद झाल्यावरही कप वाजले तर दोष चाकांचा, थांबले तर इंजिनाचा. बिस्मिल्लाबी काही तयार होत नाहीत. "माह्या कपांवर शाळा नको," म्हणतात.

शीलाताई अजून दर बाजाराला जीपपाशी जातात, खोक्यावर हात ठेवतात आणि तेच विचारतात, "चाची, सांगा ना, हे कप वाजवते तं कोन? माहं इंजिन का तुमची चाकं?"