राजम्याचा हुकूम

आजारी जवानाला मी हुकूम देऊन राजमा खायला लावला. कंपनी कमांडरने कारण विचारलं तेव्हा मी गप्प उभा राहिलो. दुसरी चूक मोठी, म्हणून दोन्ही लिहितो.

मी घाटनांदूरचा. बर्फातल्या एका चौकीवर हवालदार होतो. नाईक शब्बीर आमचा रेडिओ ऑपरेटर, बीडजवळच्या पालीचा. एकाच जिल्ह्याचा म्हणून मी त्याला जरा जास्तच बोलायचो.

त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम होता. तपासण्यांत काही निघत नसे, पण पोटात कळ आली की माणूस दुमडायचा. डॉक्टरांनी त्याला रीत सांगितली होती. संशय येईल तो पदार्थ काही दिवस बंद करायचा, मग थोडा खाऊन पाहायचा, एका वेळी एकच. शब्बीरने ती ड्रिलसारखी पाळली. दूध, राजमा, कांदा-लसूण आणि गव्हाची पोळी आपल्याला सोसत नाही, हे त्याने असं शोधून काढलं. लंगरमध्ये, म्हणजे चौकीच्या स्वयंपाकघरात, फोडणी पडण्याआधी तो मुगाचं पातळ वरण वाटीत काढून घ्यायचा. सोबत भात, उकडलेलं गाजर, नंतर कोरा चहा. सुट्टीवरून येताना ज्वारीचं पीठ आणायचा आणि भाकरी स्वतः थापायचा. पोटाला तड लागेल इतकं कधी खाल्लं नाही, जेवणाची वेळ कधी चुकवली नाही. एवढ्यावर तो रेडिओ सेट पाठीवर घेऊन आमच्या पुढे चढायचा. असा संयम मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. तेव्हा मात्र मला तो नखरा वाटायचा.

एका दुपारी बडा खाना होता. त्या दिवशी साहेब आणि जवान एकत्र जेवतात. वाढलेलं नाकारणं म्हणजे लंगरचा अपमान. शब्बीर आपली भाकरी घेऊन कडेला बसला.

"बाळंतिणीचं जेवण काहून खातो रे?" मी सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले.

"उस्ताद, सकाळी पेट्रोलिंग हाय. राजमा न्हाई सोसत."

"मी वाढतोय. हुकूम समज."

त्याने ताट रिकामं केलं.

सकाळी आम्ही निघालो. अर्ध्या चढावर बर्फ घसरलं आणि एका जवानाचा पाय मोडला. तोवर शब्बीर दोनदा खडकामागे जाऊन आला होता. चेहरा पांढरा पडला होता. गुडघे पोटाशी घेऊन तो बर्फात बसला आणि सेट लावला.

"एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

आवाज सरळ होता. बटण सोडलं की दात आवळायचा. स्ट्रेचर पोचेपर्यंत संपर्क एकदाही तुटला नाही. जखमी जवान वाचला.

चौकीवर कंपनी कमांडरने विचारलं, "शब्बीर, पेट कैसे बिगडा?"

"मेरी गलती, साब. खाने में चूक हो गयी."

मी शेजारीच सावधानमध्ये होतो. माझं एक वाक्य पुरलं असतं. बोललो नाही. त्याला खाली हॉस्पिटलमध्ये पाठवलं आणि सेट दुसऱ्याला दिला. त्या सेटसाठीच तर तो इतका जपून खात होता.

पुढच्या हंगामात तो परत आला. भाकरी तीच. सेटही त्याने परत मिळवला. मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

आता दोघेही निवृत्त आहोत. पालीत त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. दुखणं गेलेलं नाही, पण त्याच्या ताब्यात आहे. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा घरची माणसं आणि कारागीर अंगणात जेवायला बसले होते. शब्बीरने मला त्याच्या ताटातलंच वाढलं.

"उस्ताद, कांदा न्हाई, लसूण न्हाई. बाळंतिणीचं हाय. खाताल का?"

"हुकूम हाय का?"

"हाय."

मी ताट रिकामं केलं. त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सावधानमध्ये उभा राहिलो.

"शब्बीर, राजमा मी खायला लावला होता. साहेबांसमोर तू माझी चूक अंगावर घेतलीस आणि मी गप्प राहिलो. मला माफ कर."