चौदाव्या मेणबत्तीचा बोकड

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीच्या पुढे एका बंगाली वस्तीतल्या पोस्टात माझी बदली झाली, तेव्हा मी एका काका-काकींच्या घरी खोली घेतली. वस्तीतले लोक पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेले. काकींचा जन्म मात्र इथलाच. घरात बंगाली, बाहेर झाडीबोली, दोन्ही सारख्याच वेगाने.

नरकचतुर्दशीला दुपारी त्या माझ्या दारात आल्या.

"तू पोस्टातली आहेस न, एक सांग. मेलेल्या मानसाले आपला नवा पत्ता कसा समजते?"

मी विचारलं, कोणत्या माणसाला. मग कळलं की त्या संध्याकाळी त्यांच्याकडे चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात. उजेड पाहून पूर्वज घरी येतात. आधी पणत्या असायच्या, पण उंदीर पेटत्या वाती पळवायला लागले म्हणून काकी मेणबत्त्यांवर आल्या होत्या.

"आमच्या सासऱ्याचे बाबा तिकडं बंगालात, बारिशालले मेले," त्या म्हणाल्या. "त्यायनं गडचिरोलीचं नावबी आयकलं नाई. येतीन कसे?"

"पत्ता बदलला की पोस्टाला कळवावं लागतं," मी म्हटलं. मी गंमत केली होती. पण काकी कागद-पेन घेऊन आल्या आणि मला पिनकोडसकट पूर्ण पत्ता लिहायला लावला. तो कागद त्यांनी ओसरीच्या खांबाला भाताने चिकटवला.

पुढची अडचण अशी, की मेणबत्त्या तेराच निघाल्या. चौदावीचे पुड्यातच तीन तुकडे झाले होते. माझ्याकडे कॅनडातल्या ताईने पाठवलेली एक होती, काचेच्या बरणीतली. ताईच्या फ्लॅटमध्ये तेलाचा दिवा लावला की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलतो, म्हणून ती दिवाळीला असल्या मेणबत्त्या लावते. मी ती काढून दिली. काकींनी वास घेतला. व्हॅनिला केकचा घमघमाट.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "तिचेबी पूर्वज तिले धुंडून राह्यले असतीन."

मग त्यांनी ठरवलं, ही सासऱ्याच्या बाबांची. त्यांना गोड फार आवडायचं.

अंधार पडताच चौदाही मेणबत्त्या ओसरीवर रांगेत लागल्या. आम्ही आत चौदा पालेभाज्या एकत्र शिजवलेली भाजी खायला बसलो. तेवढ्यात बाहेर बरणी पडल्याचा आवाज झाला. काका कंदील घेऊन धावले, मागे आम्ही.

दुसऱ्या दिवशीच्या कालीपूजेच्या जेवणासाठी काकांनी एक बोकड पाळला होता. तो दावं तोडून ओसरीवर चढला होता. बाकीच्या तेरा मेणबत्त्यांना त्याने तोंडही लावलं नव्हतं. चौदावी विझली होती, बरणी आडवी पडली होती आणि तो मेण चाटत होता. दाढीला पांढरे थेंब लागले होते. आम्हाला पाहूनही तो हलला नाही. शांतपणे वर पाहिलं आणि पुन्हा चाटायला लागला.

काकींनी हळूच पदर डोक्यावर घेतला.

"येडी झाली का?" काका म्हणाले. "बोकड हाय तो."

"तेरा सोडून हीच काऊन खाल्ली मंग?"

काकी बोकडाला नमस्कार करून म्हणाल्या, "आलात न बाबा? लागला न पत्ता?" बोकड शिंकला. हा होकार आहे, असं त्यांनी मला समजावलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सुरीला धार लावली, पण काकी गोठ्याच्या दारात बसून राहिल्या. आजेसासऱ्याचा रस्सा करणार नाही म्हणाल्या. पाहुणे आले, तेव्हा ताटात खिचडी आणि वांग्याची भजी होती.

ताईला फोनवर हे सांगितलं. ती बराच वेळ हसली, मग काळजीने म्हणाली, "मेण बाधलं नाही ना त्याला?" बाधलं नव्हतं. फक्त दोन दिवस गोठ्यात केकचा वास होता.

बोकड पुढे चार वर्षं जगला आणि भलताच माजला. काकींच्या भाजीच्या वाफ्यात शिरला, तरी त्याला कोणी काठी मारत नसे. काकाच दारातून दबक्या आवाजात म्हणायचे, "बाबा, पालक राहू द्या जी."